पिवळे हातमोजे

मंगळवारी संध्याकाळी, अग्निशमन केंद्राच्या माडीवर
आम्ही सहाजण जमतो. खाली बंब पुसत असतात.
ओर्तेन्सियाबाई पत्र्यावरच्या वाऱ्यापेक्षा हळू बोलतात,
म्हणून खुर्च्या पुढं ओढाव्या लागतात.
पुंता अरेनासचा वारा असा,
की चौकात दोर बांधतात
माणसांनी धरून चालावं म्हणून.

मी दिवसभर पोर्वेनीरच्या बोटीची तिकिटं फाडते.
एलेउतेरिओनं चाळीस वर्षं मेंढ्या भादरल्या.
तो एका बैठकीत एकच वाक्य लिहितो
आणि अख्खी लोकर एकसंध उतरवावी
तसं वर धरून दाखवतो.

माझी पहिली गोष्ट बाबांची.
सगळं खरं. तारीख खरी,
'सांता रुफिना' हे बोटीचं नाव खरं,
वारा कुठल्या दिशेचा, किती वाजता फिरला,
तेही बंदराच्या नोंदवहीतून उतरवलेलं.
वाचून संपलं.
बाई बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.
"घडलं असेल, यास्ना," म्हणाल्या,
"पण या कागदावर अजून काही घडलेलं नाही."

राग जिन्यात आला.
दोराला धरून घरी जाताना वाढला.
माझा बाप बुडाला,
आणि ही बाई म्हणते, काही घडलं नाही!

तीन आठवडे गेले नाही.
चौथ्या आठवड्यात वही उघडली
ती बाईंना चूक ठरवायला.
अश्रू अकरा ठिकाणी होते. मोजले.
एक खोडला, तर दुसरा उगाच ताटकळत उभा दिसला.
मग तोही. मग सगळेच.
समुद्र खोडला, तेव्हा मात्र हात थरथरला.
उरलं एक स्वयंपाकघर, आणि टेबल,
आणि टेबलावर काहीच नाही.

त्या टेबलावर मी पिवळे हातमोजे ठेवले.
डाव्याचा अंगठा काळ्या दोऱ्यानं शिवलेला.
असले हातमोजे आमच्या घरात कधीच नव्हते.
बाबा उघड्या हातांनी जाळं ओढायचे,
थंडीत भेगांना चरबी लावायचे.
गोष्टीतली आई हातमोजे उचलते,
खालची जागा फडक्यानं पुसते,
परत होते तसेच ठेवते.
बस्स. एवढंच.

वाचलं. कुणी काही बोललं नाही.
खाली भोंगा वाजला, बंब निघून गेला,
कुणी खिडकीशी गेलं नाही.
एलेउतेरिओनं विचारलं, "अंगठा कुठला म्हणालीस?"
"डावा."
"हं," तो म्हणाला,
ओळखीचं माणूस रस्त्यात दिसल्यासारखा.

रविवारी आईनं कागद मागितले.
शेगडीपाशी बसून, ओळीखाली बोट धरून वाचले.
"मीच शिवला होता," म्हणाली.
"पिवळा दोरा घरात नव्हता ना तेव्हा."
आणि उठली.
आधी शिवणाचा डबा, मग कपाट,
मग पलंगाखालची पेटी.
"तू कुठं ठेवलेस गं?"
मी म्हणायला हवं होतं, आई, ते खोटं आहे.
मी म्हटलं, "बघते."
अंधार पडेपर्यंत दोघी शोधत होतो.

बाईंना सांगितलं. वाटलं, हसतील, पाठ थोपटतील.
त्यांनी कोटाची बटणं लावली,
वरचं एक चुकलं, पुन्हा लावलं,
आणि दिवा मालवायला सांगितला.

काल बंदरावरच्या दुकानात, गळ आणि दोरखंडांमागे,
पिवळे हातमोजे टांगलेले दिसले.
दुकानदारानं आकडीनं काढले.
"कुणासाठी?"
"वडिलांसाठी."
"माप?"

तारीख मला पाठ आहे. वारा नैर्ऋत्येचा होता,
चार वाजून दहा मिनिटांनी फिरला.
दुकानदार थांबून होता.
मी माझा पंजा काचेवर पसरला,
बोटांपुढं थोडी जागा सोडून पाहिली,
किती सोडायची ते कळेना.